समीक्षेचा मर्दाना

विज्ञानकथेचा जन्म केव्हा झाला, असे विचारले की समीक्षकांच्या पोतडीतून दोन-तीन ठरलेली उत्तरे निघतात. पहिले उत्तर १८१८ सालच्या मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'चे. तिला हा मान ब्रायन ऑल्डिस यांनी १९७३ साली आपल्या इतिहासग्रंथात मिळवून दिला. नाही तर ज्यूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स. नाही तर मग १९२६ हे साल, कारण त्या वर्षी ह्यूगो गर्न्सबॅक यांनी अमेरिकेत 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक काढले आणि या प्रकाराला स्वतःचे दुकान मिळाले. काय भांडायचे ते या तिघांत. गर्न्सबॅक यांच्या दुकानाची पाटी रंगण्याआधी एकवीस वर्षे, १९०५ साली, मद्रासहून निघणाऱ्या 'इंडियन लेडीज मॅगझिन' या बायकांच्या मासिकात एका चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुसलमान बाईने इंग्रजीत एक कथा छापली. तिच्यात विजेवर चालणारी विमानगाडी होती, आकाशातून पाणी ओढून घेणारा फुगा होता, सूर्याच्या उष्णतेवर शिजणारा स्वयंपाक होता आणि याच उष्णतेने जिंकलेले एक युद्धही होते. कथेचे नाव 'सुलतानाज ड्रीम', म्हणजे सुलतानाचे स्वप्न. लेखिका बेगम रुकय्या सखावत हुसैन.

ज्यांना ही कथा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सुलताना आरामखुर्चीत बसून हिंदुस्थानातल्या बाईच्या अवस्थेचा विचार करता करता डुलकी घेते. भगिनी सारा नावाची एक बाई येते आणि तिला बाहेर नेते. बाहेर उजेड आहे, रस्त्यावर सगळ्या बायकाच आहेत आणि त्या सुलतानाकडे पाहून हसत आहेत, कारण ती पुरुषांसारखी लाजते आहे. या स्त्रीराज्यात पुरुष घरात असतात. जिथे ते असतात त्याला जनाना न म्हणता मर्दाना म्हणतात. तिथल्या राणीने मुलींना शाळा दिल्या, एकविसाव्या वर्षाआधी लग्न होणार नाही असे ठरवले आणि पुरुषांना प्रवेश नसलेली दोन विद्यापीठे उघडली. एका विद्यापीठाने ढगांचे पाणी पकडले, ते पाहून दुसऱ्याला हेवा वाटला आणि त्याने सूर्याची उष्णता साठवली. पुरुष त्या वेळी सैन्य वाढवण्यात गुंतले होते. त्यांनी या संशोधनाची टवाळी केली. पुढे शेजारच्या राजाशी युद्ध झाले, पुरुषांचे सैन्य हरले, आणि विद्यापीठाच्या प्राचार्य दोन हजार विद्यार्थिनींना घेऊन रणभूमीवर गेल्या. साठवलेले ऊन शत्रूवर सोडले. शत्रू पळाला. त्याआधी एक अट घातली होती, ती अशी की आम्ही बाहेर पडणार तर पुरुषांनी पडद्यात जावे. ते गेले आणि तिथेच राहिले. सुटकेसाठी त्यांनी अर्ज केले, तेव्हा राणीने कळवले की गरज पडलीच तर बोलावू.

युद्ध का झाले हे सांगायचे समीक्षक विसरतात, म्हणून इथे नोंदवून ठेवतो. शेजारच्या देशातून काही माणसे आश्रयाला आली होती, त्यांना तिथल्या राजाच्या हवाली करायला राणीने नकार दिला. निर्वासितांपायी आपले राज्य पणाला लावणारी राणी १९०५ सालच्या कथेत आहे. आज किती राज्यकर्त्यांना हे झेपेल?

आता समीक्षकांकडे वळू. या कथेबद्दल बोलणाऱ्या प्राध्यापक मंडळींकडून आम्हांला वारंवार ऐकायला मिळालेले वाक्य असे : ही विज्ञानकथा नव्हे हो, ही पडदापद्धतीविरुद्धची रूपककथा. असे म्हटले की कथा साहित्याच्या कपाटातून उचलून समाजसुधारणेच्या कपाटात ठेवता येते. तिथे ठेवलेली पुस्तके जयंतीच्या दिवशी बाहेर काढून हार घालायचा असतो, वाचायची नसतात.

मुळात विज्ञानकथा कशाला म्हणायचे याची सर्वांत नावाजलेली व्याख्या डार्को सुविन यांची. त्यांचा ग्रंथ १९७९ चा. सोप्या भाषेत त्यांचे म्हणणे असे की, विज्ञानकथा आपल्या जगाला परके करून दाखवते, पण ते परकेपण जादूचे नसते, बुद्धीला पटणारे असते. त्या जगात एक नवी गोष्ट असते आणि बाकी सगळे जग त्या एका गोष्टीतून तर्काने उलगडत जाते. ही फूटपट्टी घ्या आणि रुकय्याबेगमच्या स्त्रीराज्यावर ठेवा. ऊन आणि पाणी ताब्यात आले. म्हणून शेती विजेवर गेली, म्हणून धुराशिवाय स्वयंपाकघर आले, म्हणून मनगटाच्या जोरावर चालणारी सत्ता निकामी झाली आणि डोक्याच्या जोरावर चालणारी सत्ता आली. एकातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे. परकेपण म्हणाल तर पुरुष लाजून आत बसला आहे, याहून परके दृश्य आमच्या मोहल्ल्यात तरी दुसरे नाही. सुविन यांच्याच मापाने कथा पुरून उरते. मग अडचण कुठे आहे?

आमच्या मते अडचण यंत्रांच्या जातीत आहे. विज्ञानकथेच्या समीक्षेने यंत्रांची एक उतरंड मनात धरलेली आहे. अग्निबाण सर्वांत वर, मग यंत्रमानव, मग काळयंत्र. पाणी आणि चूल या उतरंडीत कुठेच नाहीत. ज्यांच्या घरात नळ उघडला की पाणी येते आणि जेवण ताटात येते, त्यांना या दोन गोष्टी विज्ञानाच्या वाटत नाहीत.

आम्ही नववीच्या मुलींना ही कथा गेली काही वर्षे उर्दूत तोंडी सांगतो. अभ्यासक्रमात ती नाही, ऑफ तासाला सांगतो. आमचा भाग कोरडवाहू. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, त्या दुष्काळाच्या आठवणी या मुलींच्या घरात अजून ओल्या आहेत (आठवणी तेवढ्या ओल्या, असे मुलीच म्हणतात). कथा संपल्यावर पडद्याबद्दल प्रश्न येतील असे वाटावे, पण पहिला प्रश्न आला तो असा : "टीचर, फिर उनके वां टँकर नै आता होंगा?" दुसरा प्रश्न चुलीचा. फुग्याला पाइप कुठे लावायचा यावर दहा मिनिटे वाद झाला. फळ्यावर आकृती निघाली. वाफ, सांद्रीभवन, दाब हे धडे ज्या वर्गाला तीन आठवडे डोक्यावरून गेले होते, त्या वर्गाने ते स्वतःहून उकरून काढले. ही कथा विज्ञानाची आहे की नाही हे कोणाला विचारायचे असेल त्यांनी या मुलींना विचारावे. ज्या बाईने सकाळी उठून हंडे मोजले आहेत तिला ढगातून पाणी ओढणारे यंत्र रूपक वाटत नाही.

त्याच तासाला मागच्या बाकावरून आणखी एक प्रश्न आला. "टीचर, मर्दां को बाहर जाना रहा तो किससे पूछते होंगे?" यावर वर्ग हसला. आम्ही मात्र त्या मुलीला मनातल्या मनात डॉक्टरेट देऊन टाकली, कारण या कथेवरचा दुसरा मोठा आक्षेप तिने एका वाक्यात मोडीत काढला होता.

तो आक्षेप असा की, रुकय्याबेगमनी नुसते उलटे केले. बायकांना कोंडले होते, आता पुरुषांना कोंडले. यात न्याय कुठला? त्यांचे पती सय्यद सखावत हुसैन हे भागलपूरचे डेप्युटी मॅजिस्ट्रेट. त्यांनी ही कथा उभ्या उभ्या वाचून काढली आणि हा भयंकर सूड आहे असा शेरा दिला, असे खुद्द रुकय्याबेगमनीच लिहून ठेवले आहे. नवरा हे कौतुकाने म्हणाला होता. समीक्षक तेच शब्द तक्रारीच्या सुरात म्हणतात. पण उलटे करणे हा विज्ञानकथेतला दोष आहे असे कोणी ठरवले? वेल्सच्या मंगळवाल्यांनी इंग्लंडवर स्वारी केली तेव्हा साम्राज्यच उलटे केले होते. त्याला कोणी सूड म्हटले नाही, प्रतिभा म्हटले. बाहेर जायला परवानगी लागते ही गोष्ट इतकी मुरलेली असते की ती दिसतच नाही. ती पुरुषाच्या तोंडी घातली की दिसते. मागच्या बाकावरच्या मुलीला दिसली.

याच जागी विसाव्या शतकातल्या दोन मोठ्या बायकांची पुस्तके पुन्हा काढून वाचायला हवीत. जोआना रस यांच्या 'द फिमेल मॅन' (१९७५) मध्ये व्हाइलअवे नावाचे जग आहे. तिथे पुरुषच नाहीत, साथीत मेले असे सांगितले जाते, आणि कादंबरीत पुढे एक पात्र सुचवते की ती साथ वगैरे काही नव्हती. उर्सुला ले ग्विन यांच्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (१९६९) मध्ये माणसे ना बाई ना पुरुष. महिन्यातून काही दिवस त्यांना कोणतेही एक लिंग येते आणि मग जाते. पुरुषाच्या सत्तेचे काय करायचे या एकाच प्रश्नाला एकीने पुरुष काढून टाकून उत्तर दिले, दुसरीने लिंगच काढून टाकून. रुकय्याबेगमनी पुरुषाला जिवंत ठेवले, घरात बसवले, जेवायला घातले, आणि तेही साठ-सत्तर वर्षे आधी. तिघींत सूड कोणाचा मोठा हे वाचकांनीच ठरवावे.

ले ग्विन यांचे मात्र आम्हांला एका कारणासाठी फार अप्रूप वाटते. त्यांच्या त्या लिंगविरहित माणसांसाठी त्यांनी इंग्रजीतले पुरुषवाचक सर्वनाम वापरले होते. स्त्रीवादी समीक्षकांनी त्यावर टीका केली. १९७६ साली ले ग्विन यांनी लेख लिहून आपली बाजू मांडली. पुढे अकरा वर्षांनी, १९८७ साली, तोच लेख त्यांनी पुन्हा छापायला काढला. जुना मजकूर न पुसता त्याच्या शेजारी नव्या टिपा घातल्या आणि मी तेव्हा बचावाच्या पवित्र्यात होते, आता मला असे वाटत नाही, अशा अर्थाचे सांगून टाकले. स्वतःच्या लेखाशेजारी स्वतःच बसून वाद घालणारा समीक्षक आमच्या मराठीत कोणी दाखवील का? आमच्याकडे दुसरी आवृत्ती निघते ती प्रस्तावनेत सत्कारांची यादी वाढवण्यासाठी.

सर्वनामाचा हा वाद इंग्रजीला दोन अक्षरांचा आहे. आमच्या भाषांना तो केवढा पडतो! मराठीत 'मी गेलो' की 'मी गेले' हे ठरवल्याशिवाय माणसाला दारापर्यंत जाता येत नाही. उर्दूत 'वो' म्हणेपर्यंत सुटका असते, क्रियापद आले की पकडले जाते. ले ग्विन यांच्या जगात राजाला दिवस जातात. ही बातमी मराठीत द्यायची तर राजा गरोदर 'होता' म्हणायचे की 'होती'? मराठीला निदान नपुंसकलिंग आहे, पण ते राजाला लावले तर राजाचे मूल होते. बंगाली भाषेत क्रियापदाला लिंग नाही, सर्वनामाला नाही. रुकय्याबेगमच्या माहेरी मान अरबी-फारसी-उर्दूला होता. बंगाली आणि इंग्रजी त्या मोठ्या भावाकडून शिकल्या, तेही रात्री, घर झोपल्यावर. ही कथा त्यांनी इंग्रजीत लिहिली आणि पुढे स्वतःच बंगालीत नेली. अनुवादशास्त्राचे एवढे विभाग चालतात, एखाद्या विद्यार्थ्याला या तीन भाषांतल्या लिंगाचा विषय द्या की! पण त्यासाठी आधी कथा विज्ञानकथेच्या कपाटात यायला हवी.

हा लेख 'आम्ही'मध्ये लिहिला आहे, त्याचाही एक उपयोग होतो. 'आम्ही गेलो' यातून लिहिणारा बाप्या आहे की बाई हे कळत नाही. वाचकांनी हवा तो अंदाज करावा, फक्त रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांची गोष्ट लक्षात ठेवून करावा. जेम्स टिप्ट्री ज्युनियर या नावाने अमेरिकेत अप्रतिम विज्ञानकथा येत होत्या. लेखक कोणालाच भेटत नसे, पत्रव्यवहार तेवढा चाले. बाईच असावी अशी कुजबूज सुरू झाली. १९७५ साली टिप्ट्रींच्या संग्रहाला सिल्व्हरबर्ग यांनी प्रस्तावना लिहिली आणि या लेखनात काहीतरी अटळपणे पुरुषी आहे, असा निर्वाळा दिला. दोन वर्षांच्या आत उघड झाले की टिप्ट्री म्हणजे साठी ओलांडलेल्या ॲलिस शेल्डन. सिल्व्हरबर्ग यांनी चूक मोकळेपणाने कबूल केली, हे त्यांच्या खात्यावर जमा धरू. पण ज्या समीक्षेला वाक्यात मिशी दिसत होती, ती समीक्षा एका माणसापुरती नव्हती.

मराठीत याची एक जुळी गोष्ट आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या अनोळखी गृहस्थाच्या 'कृष्णविवर' या कथेला पहिला क्रमांक मिळाला. ते गृहस्थ म्हणजे डॉ. जयंत नारळीकर, स्वतःची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे नाव घेतले होते. आपल्या कीर्तीचा दाब परीक्षकांवर पडू नये हा त्यांचा सज्जनपणा. पुढे २०२१ साली नाशिकच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा मराठीने विज्ञानकथेला पाटावर बसवले असे म्हणता येईल, आणि त्याचा आम्हांला मनापासून आनंद आहे. २०२५ साली ते गेले. पण दोन टोपणनावांतला फरक पाहा. एकाला नाव लपवावे लागले, कारण ते फार मोठे होते. दुसरीने लपवले, कारण ते बाईचे होते.

जोआना रस या नुसत्या कादंबरीकार नव्हत्या. १९८३ साली त्यांनी बायकांचे लेखन दडपायच्या युक्त्यांवर एक पुस्तकच लिहिले. त्यातला युक्तिवाद आमच्या शब्दांत सांगायचा तर, बाईला लिहू न देणे हा जुना मार्ग झाला. नवा मार्ग असा की लिहू द्यावे आणि मग मोजताना काट मारावी. तिने लिहिले, पण विषय कसला बायकी. तिने लिहिले, पण एकच लिहिले. तिने लिहिले, पण ते खरे या प्रकारात बसतच नाही. ही शेवटची काट रुकय्याबेगमवर किती अलगद मारली गेली, ते वर आलेच आहे. गंमत अशी की, हीच काट पाश्चात्त्य स्त्रीवाद्यांच्या हातूनही बरीच वर्षे पडत राहिली. बायकांच्या स्वप्नराज्याची कथा म्हटली की त्यांच्याकडे शार्लट पर्किन्स गिलमन यांच्या 'हरलँड'चे नाव येई. ती कादंबरी १९१५ ची, म्हणजे रुकय्याबेगमनंतर दहा वर्षांची; पुस्तकरूपाने तर ती १९७९ साली आली. तिच्यातल्या आदर्श बायका आर्य वंशाच्या आहेत, आणि निवडक बायकांनीच मुले जन्माला घालावीत असा हिशेब तिथे चालतो. भद्रलोकी पडद्यातल्या बाईच्या स्वप्नात असला वंशाचा हिशेब नाही. १९८८ साली न्यूयॉर्कच्या फेमिनिस्ट प्रेसने रोशन जहान यांच्या संपादनाने रुकय्याबेगमचे पुस्तक काढले, तेव्हा कुठे तिकडच्या विद्यापीठांना जाग आली. २०२४ साली युनेस्कोच्या आशिया-प्रशांत विभागाच्या 'जागतिक स्मृती' नोंदवहीत या कथेची नोंद झाली. आता हार घालणाऱ्यांची गर्दी वाढेल, हीच आमची भीती.

मराठीला तरी नाके मुरडायचा काय अधिकार? काशीबाई कानिटकर यांची 'पालखीचा गोंडा' ही कादंबरी १९२८ ची. एका संस्थानाचा कारभार बाई हाती घेते आणि बायकांच्या बळावर ते राज्य नव्याने उभे करते, असे स्वप्न मराठी बाईने मराठीत पाहिले होते. मीरा कोसंबी यांनी २००८ साली काशीबाईंवर इंग्रजीत ग्रंथ लिहून ती पुन्हा उजेडात आणली. मराठी कादंबरीचे इतिहास घोकून आम्ही पदव्या घेतल्या, तिची भेट आम्हांला इंग्रजीतून व्हावी!

आता आपल्या घरात येऊ. आम्ही बी.एड.ला फ्रोबेल पाठ केला, माँटेसरी पाठ केली, रूसो पाठ केला. १९०९ साली भागलपुरात पाच मुलींवर शाळा काढणारी, ती मोडल्यावर १९११ साली कलकत्त्यात आठ मुलींवर पुन्हा मांडणारी बाई त्या अभ्यासक्रमात आम्हांला भेटली नाही. सखावत मेमोरियल ही शाळा सुरुवातीला उर्दू माध्यमाची होती, हे कळले तेव्हा आम्हां उर्दूवाल्यांना केवढा धक्का बसला! आमच्या हातात उर्दूने दिली ती डेप्युटी नजीर अहमद यांची 'मिरातुल उरूस'. अकबरी फूहड, असगरी सुघड. असगरी हिशेब ठेवते, सासर सावरते. नंतर 'बहिश्ती जेवर'. त्या पुस्तकाला हसायची फॅशन आहे, आम्ही तिच्यात नाही. मुलीला लिहिता-वाचता आले पाहिजे हे त्या पुस्तकाने हजारो घरांत नेले. पण भगिनी सारा कचेरीचे काम दोन तासांत उरकते, आणि पुरुषांना सात तास का लागायचे याचे कारण सांगताना त्यांच्या सिगारींचा हिशेब मांडते. असगरीने घरखर्चाचा हिशेब केला, साराने नवऱ्याच्या वेळेचा केला. उर्दूला पहिला हिशेब मानवला, दुसरा मानवला नाही.

आणि आपले मुस्लिम मराठी साहित्य? १९९० साली सोलापूरला पहिले संमेलन भरले तेव्हापासून आपण आपली वंशावळ मांडतो आहोत. शेख महंमदांचा 'योगसंग्राम' आला, अमर शेखांचा डफ आला, दलवाईंचे 'इंधन' आले आणि त्यावर भांडणेही आली. यात विज्ञानकथेचा रकाना कोरा आहे. का? आमचे उत्तर कोणाला झोंबेल. आपल्याला 'मुस्लिम प्रश्न' लिहायला बसवले गेले आणि आपण बसलो. तलाक लिहा, दंगल लिहा, बुरखा लिहा. भविष्यकाळ आपल्या हद्दीत नाही असे आपणच धरून चाललो. उर्दू शाळेतली मुलगी दहावीनंतर विज्ञान सोडते, कारण तिच्या भाषेत पुढे वर्ग नाही आणि वर्ग जिथे आहे तिथे बस जात नाही. ही गोष्ट आपण दुःखाची कथा म्हणून शंभर वेळा लिहिली. तीच मुलगी फुगा सोडते अशी कथा एकदाही का लिहू नये?

बसवरून आठवले. रुकय्याबेगमच्या शाळेची मोटारबस इतकी बंदिस्त होती की मुली आत गुदमरून बेशुद्ध पडत, ओकत. एका गोऱ्या बाईने तिला चालते-फिरते काळे विवर म्हटले. मग झडपा काढून पडदे लावले, तर ते वाऱ्याने उडतात म्हणून धमकीची पत्रे आली. सही करणारे स्वतःला दीनी भाऊ म्हणवत होते. हे सगळे त्यांनी 'अवरोधबासिनी'मध्ये (१९३१) हसत हसत लिहिले आहे. १९०५ साली विमानगाडी उडवणारी बाई पुढे वीस-पंचवीस वर्षे बसच्या पडद्याच्या लांबीवर भांडत होती आणि शाळा टिकावी म्हणून स्वतः बुरखा घालत होती. स्वप्नात पळून गेलेली बाई अशी असते का? २०२२ साली कर्नाटकात डोक्यावरच्या रुमालावरून कॉलेजची दारे बंद झाली, तेव्हा दोन्ही बाजूंनी त्यांचे नाव घेता आले असते. पडदा उडाला म्हणून बस बंद पाडणारे भाऊ आणि रुमाल दिसला म्हणून फाटक लावणारे साहेब यांच्या भांडणात मुलगी घरी बसते, एवढे त्या पत्रांचा गठ्ठा जपून ठेवणाऱ्या बाईला नक्की कळले असते.

आमचीही एक तक्रार आहे, ती न सांगता लेख संपवणे बरे दिसणार नाही. स्त्रीराज्यात शेत विजेने नांगरले जाते, चूल उन्हाने पेटते, रस्ता म्हणजे बागच. मग या राज्यातली मोलकरीण कुठे गेली? धोबीण, बागवानीण, विडीवाली कुठे गेली? यंत्राने त्यांचे काम घेतले आणि कथेने त्यांनाही घेऊन टाकले. जमीनदाराघरच्या लेकीला स्वप्नात कष्टकरी बाई दिसली नाही. विणकर-बागवान-खाटीक घरांतून शिकून आलेल्या आम्हांला ती गैरहजेरी बोचते, आणि हे प्रेमाने वाचणाऱ्यांनीच म्हणायला हवे. आश्चर्य असे की, रुकय्याबेगमना ते स्वतःलाही बोचले असावे. १९२४ सालच्या त्यांच्या 'पद्मराग' कादंबरीत तारिणी भवन नावाचे घर आहे. ब्राह्मो, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, टाकलेल्या, विधवा, पळून आलेल्या बायका तिथे राहतात आणि शिवण, टंकलेखन, पुस्तकबांधणी, शुश्रूषा, शिकवणे अशी कामे करतात. इथे विमान नाही, फुगा नाही. कामाला मात्र नावे आहेत. समीक्षक हे पुस्तक वेगळ्या कपाटात ठेवतात, आम्ही त्याला त्याच स्वप्नाचा दुसरा भाग समजतो.

पेंग्विनने २००५ साली ही दोन्ही पुस्तके बर्नीता बागची यांच्या संपादनाने इंग्रजीत एका जिल्दीत काढली. मराठीत कोणी तशीच जिल्द काढणार असेल, तर नववीच्या मुलींनी फळ्यावर काढलेली फुग्याची आकृती आम्ही उतरवून ठेवली आहे, ती मुखपृष्ठाला देऊ.